समुद्राच्या तळाचा सातबारा



सातबारा आपल्या ओळखीचा आहे. शेत कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, जिरायत की बागायत, यंदा पीक कोणतं, हे सगळं त्यात असतं. त्यात जे लिहिलं गेलं ते कचेरीत खरं धरलं जातं. जे लिहायचं राहिलं, ते डोळ्यांसमोर उभं असलं तरी त्याला किंमत नसते. ज्या बाईचे हात त्या शेतात आयुष्यभर राबले, तिचं नाव कागदावर नसलं की काय होतं, हे आपल्यापैकी कितीतरी जणींना वेगळं सांगायला नको.

आज आम्ही अशा एका जमिनीच्या नोंदीची गोष्ट सांगणार आहोत, जी कोणालाच उभं राहून बघता येत नाही. ती समुद्राच्या पाण्याखाली आहे. कातळ कुठे, गोटे कुठे, वाळू कुठे आणि चिखल कुठे, एवढंच तिथलं लिहून काढायचं होतं. पण तेवढ्या कामाला दोनशेहून जास्त वर्षं लागली. ते कोणी केलं, कोणाच्या माहितीवर केलं आणि त्यावर कोणाचं पोट अवलंबून होतं, ते आता ऐकू या.

ही जागा आपल्यापासून फार लांब आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून, मेन नावाचं राज्य आहे. तिथे थंडी कडाक्याची असते. किनारा सगळा खडकाळ आहे, आणि पाणी इतकं गार की उन्हाळ्यातही त्यात फार वेळ उभं राहवत नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर हा किनारा साधारण ३७० किलोमीटर भरतो. पण प्रत्येक खाडीत आत जाऊन, प्रत्येक बेटाला वळसा घालून मोजलं तर तोच किनारा ५,६०० किलोमीटरच्या घरात जातो. आपल्या महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा धरतात, त्यावरून अंदाज येईल. फाटलेल्या लुगड्याचा काठ जसा सगळीकडून दशा-दशा झालेला असतो, तसा हा किनारा आहे. बेटंच तीन हजारांहून जास्त आहेत.

किनाऱ्याच्या या दशा कोणी केल्या? बर्फाने.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचा फार मोठा भाग बर्फाच्या एकाच प्रचंड थराखाली होता. मेनमधला सगळ्यांत उंच डोंगर कटाडिन, उंची १,६०० मीटरच्या थोडी वर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जराच बुटका. तोही त्या बर्फाखाली पुरला गेला होता, असं भूशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरच्या देवळाच्याही वर बर्फ आहे, असं मनात आणून पाहा. हा बर्फ एका जागी थांबलेला नव्हता. स्वतःच्या वजनाने तो हळूहळू समुद्राकडे सरकत होता, आणि वाटेतले दगडधोंडे पोटात घेऊन खालच्या कातळावर घासत होता.

त्या घासण्याच्या खुणा आजही तिथल्या कातळांवर दिसतात. एकाच दिशेने गेलेले लांबच लांब ओरखडे. १८३० च्या दशकात मेनच्या भूमीची पहिली सरकारी पाहणी झाली, तेव्हा हे ओरखडे लोकांच्या नजरेत होते. पण ते कशाचे, यावर तेव्हाच्या जाणत्या लोकांचं उत्तर होतं, महापुराचे. पुराच्या लोंढ्याबरोबर धोंडे वाहत आले आणि त्यांनी कातळ ओरबाडला. पुढे लुई अगासी नावाचा स्वित्झर्लंडचा शास्त्रज्ञ अमेरिकेत आला. त्याने आपल्या देशातल्या हिमनद्या जवळून पाहिल्या होत्या, आणि पूर्वी बर्फ कितीतरी दूरवर पसरला होता हा विचार १८३७ मध्येच मांडला होता. १८६० च्या दशकात तो मेनमध्ये फिरला आणि हे काम पाण्याचं नाही, बर्फाचं आहे, असं त्याने लिहिलं.

असे ओरखडे बघायला परदेशी जायला पाहिजे असंही नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात इरई नदीकाठी असा ओरखड्यांचा कातळ आहे. तो मात्र कितीतरी जुन्या हिमयुगातला, तीस कोटी वर्षांच्या आसपासचा. उन्हाने भाजणाऱ्या चंद्रपुरातही कधीकाळी बर्फ सरकत होता.

आता पुढचा मुद्दा नीट ऐका, कारण सगळी अडचण त्यात आहे.

पाणी आणि बर्फ यांच्या कामात मोठा फरक आहे. पाणी सुपात पाखडल्यासारखं काम करतं. पाखडताना जड दाणे मागे राहतात आणि कोंडा पुढे उडतो. नदीही तेच करते. घाटाच्या पायथ्याशी मोठे धोंडे टाकते, पुढे गोटे, त्याच्यापुढे वाळू आणि शेवटी बंधाऱ्यात मऊ गाळ. म्हणून नदीत काय कुठे मिळेल, ते आपल्याला न बघता सांगता येतं. बर्फ मात्र पाखडत नाही. घराएवढा धोंडा आणि पिठासारखी माती तो एकाच ओंजळीत उचलतो, आणि वितळताना आहे तिथे टाकून देतो. त्यामुळे मेनच्या समुद्रतळाचं काही सांगता येत नाही. इथे कातळ आहे, पन्नास पावलांवर चिखल, त्याच्यापुढे गोट्यांचा पट्टा, पुन्हा कातळ. एक ठिकाण बघून शेजारच्या ठिकाणाचा अंदाज बांधावा, तर तो हमखास चुकतो.

त्यात समुद्रही एका जागी राहिला नाही. एवढ्या बर्फाच्या ओझ्याने जमीन खाली दबली होती, जड माणूस बसल्यावर गादी दबावी तशी. साधारण सोळा हजार वर्षांपूर्वी बर्फ आजच्या किनाऱ्यापर्यंत मागे हटला. दबलेल्या जमिनीवर समुद्र आत शिरला, तो नद्यांच्या खोऱ्यांतून शंभराहून जास्त किलोमीटर आतपर्यंत. तिथे त्याने निळसर-करड्या चिकणमातीचा थर टाकला. त्या मातीत आजही समुद्राच्या शिंपल्या सापडतात. पुढे माणसांनी तिच्या विटा पाडल्या आणि घरं बांधली.

ओझं उतरल्यावर गादी जशी हळूहळू फुगून वर येते, तशी जमीन वर आली. ती इतकी वर आली की सुमारे साडेबारा हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीपेक्षा साधारण ६० मीटर खाली गेला. आज जिथे खोल पाणी आहे तिथे तेव्हा किनारा होता, लाटा फुटत होत्या. मग जमिनीचं वर येणं मंदावलं. जगभरचा बर्फ वितळतच होता, म्हणून पाणी पुन्हा चढत आलं. त्याच वितळलेल्या पाण्याने आपल्या कोकणचा जुना किनाराही बुडवला. बर्फ तिकडचा, पण समुद्र सगळ्यांचा एकच.

असा हा तळ आहे. आधी बर्फाने कालवलेला, मग समुद्राने तीनदा पुसलेला. याचा नकाशा काढायचा तरी कसा?

सुरुवात दोरीने झाली. जुन्या काळी दर्यावर्दी दोरीच्या टोकाला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत. किती वाव दोरी गेली त्यावरून खोली कळे. दोन्ही हात पसरले की एक वाव, हे माप आपल्याकडच्या कोळ्यांनाही माहीत आहे. त्या शिशाच्या बुडाला एक खळगा असे, आणि त्यात जनावराची चरबी भरलेली असे. वजन तळाला टेकलं की चरबीला काहीतरी चिकटून वर येई. वाळूचे कण आले तर तळ वाळूचा. चिखल आला तर चिखलाचा. काहीच न चिकटता चरबी नुसती चेपून आली, तर खाली कातळ. म्हणजे मैत्रिणींनो, पाण्याखालच्या मातीचा पहिला नमुना एवढ्याशा चरबीने वर आणला.

१७७० च्या दशकात इंग्रजांच्या आरमारासाठी द बार्र नावाच्या नकाशाकाराने या बाजूच्या किनाऱ्यांचे मोठे नकाशे काढले. १८०७ मध्ये अमेरिकेने स्वतःचं किनारा-पाहणी खातं स्थापलं. त्या नकाशांवर खोलीच्या आकड्यांशेजारी तळ कसा आहे ते एकदोन अक्षरांत लिहिलेलं असे. पण तो नकाशा जहाजांसाठी होता. जहाज कुठे आपटेल आणि नांगर कुठे धरेल, एवढंच त्याला पाहिजे होतं. मासा कुठे राहतो हे त्याला विचारायचं नव्हतं.

ते ज्यांना माहीत होतं, त्यांच्याकडे कागद नव्हता. बाप आपल्या मुलाला होडीतून दाखवायचा. तो डोंगर त्या चर्चच्या कळसाच्या रेषेत आला आणि ते बेट उजवीकडे दिसेनासं झालं, की खाली गोटे आहेत, इथे गळ टाक. जरा पुढे गेलास तर चिखल लागेल, तिथे हाताला काही येणार नाही. प्रत्येक घराची आपली ठिकाणं, आणि ती शेजाऱ्याला सांगायची नाहीत. असं ज्ञान माणसाबरोबर येतं आणि माणसाबरोबर जातं.

१९२९ मध्ये वॉल्टर रिच नावाच्या, सरकारी मत्स्य खात्यात काम करणाऱ्या माणसाने मेनच्या आखातातल्या मासेमारीच्या जागांची एक मोठी यादी छापली. ती त्याने मच्छीमारांना आणि त्यांच्या बोटींच्या तांडेलांना विचारून विचारून केली होती. जागेचं नाव, किनाऱ्यापासून अंतर, खोली, तळ कातळाचा की रेवाळ की चिखलाचा, कोणत्या महिन्यात कोणता मासा, असं ओळीने लिहिलं. काम करणाऱ्यांची माहिती खरी मानून सरकारी कागदावर उतरवली, म्हणून ही यादी महत्त्वाची. पुढे शास्त्रज्ञांनीही ती वापरली.

तोवर दोरीची जागा आवाज घेऊ लागला होता. १९१२ मध्ये टायटॅनिक हे जहाज हिमनगाला धडकून बुडालं. त्यानंतर दोन वर्षांनी रेजिनाल्ड फेसेंडेन या संशोधकाने पाण्यात आवाज सोडून हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी पकडून दाखवला. विहिरीत हाक मारली की हाक परत येते, तेच तत्त्व. समुद्राच्या पाण्यात आवाज एका सेकंदात साधारण दीड किलोमीटर जातो. हाक तळापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजलं की खोली कळते. दोरीने एका जागेची खोली मोजायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आवाजाने शेकडो जागा मोजून होऊ लागल्या.

या मोजणीत एका बाईचं मोठं काम आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिचं नाव मारी थार्प, जन्म १९२०. ती भूशास्त्र शिकलेली होती. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तिला नोकरी लागली. पण संशोधनाच्या जहाजावर बाईने पाय ठेवायचा नाही, असा तेव्हाचा नियम होता. पुरुष जहाजावर जात आणि आकडे आणत. ती टेबलाशी बसून त्या आकड्यांवरून तळाचे उभे छेद काढत बसे. अटलांटिक महासागराच्या मधोमध पाण्याखाली डोंगरांची लांबच लांब रांग आहे, हे माहीत होतं. त्या रांगेच्या माथ्यावर एक खोल चीर धावते आहे, हे तिच्या लक्षात आलं. याचा अर्थ जमीन तिथे दुभंगून दोन्हीकडे सरकते आहे. तिचा सहकारी ब्रूस हीझन याने आधी ते बायकांचं काहीतरी बोलणं म्हणून उडवून लावलं. पण आकडे बदलत नव्हते आणि ती आपलं म्हणणं सोडत नव्हती. शेवटी त्यालाही मानावं लागलं. १९५७ मध्ये दोघांचा उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा आला आणि १९७७ मध्ये सगळ्या जगाच्या महासागरांचा. स्वतः जहाजावर जायला मिळालं तेव्हा तिने चाळिशी कधीच ओलांडली होती.

मारी थार्पचे नकाशे मोठ्या महासागरांचे. पण किनाऱ्याजवळचा, बर्फाने कालवलेला तळ अजून तसाच होता. खोली कळली, तरी तिथे काय आहे ते कळत नव्हतं. चिखलही तीस मीटरवर असू शकतो आणि कातळही.

ते कळायला दुसरं यंत्र लागलं. त्याला साइड-स्कॅन सोनार म्हणतात. दोरीला बांधून ते बोटीमागे पाण्यातून ओढत नेतात, आणि ते दोन्ही बाजूंना आवाज फेकत जातं. कठीण कातळावरून आवाज जोरात परततो, मऊ चिखलात तो मुरतो. कोऱ्या भिंतींच्या खोलीत बोललं तर आवाज घुमतो, गोधड्या रचलेल्या खोलीत घुमत नाही, तसंच हे. परतलेल्या आवाजावरून कागदावर गडद-फिकट चित्र उमटतं. दुसऱ्या एका यंत्राचा आवाज तळाच्याही आत शिरतो आणि चिखलाखाली कातळ किती खोल आहे ते सांगतो. शिवाय खात्रीसाठी ठिकठिकाणी लोखंडी पंजा सोडून तळाची मूठभर माती वर आणायची. म्हणजे शेवटी काम त्या चरबीचंच, फक्त मूठ मोठी झाली.

१९८० च्या दशकापासून मेनचं विद्यापीठ आणि मेनचं राज्य भूशास्त्र खातं यांनी मिळून हे काम सुरू केलं. वर्षामागून वर्षं लहान बोटी फिरत राहिल्या. तीन हजारांहून जास्त किलोमीटर सोनार ओढला, हजाराहून जास्त ठिकाणची माती वर काढली, काही ठिकाणी लहान पाणबुडीतून खाली जाऊन डोळ्यांनीही पाहिलं. १९९६ मध्ये सुमारे १०० मीटर खोलीपर्यंतच्या तळाचे नकाशे छापले गेले. ते करणाऱ्यांत वॉल्टर बार्नहार्ट, डॅनियल बेल्कनॅप, जोसेफ केली आणि स्टीफन डिक्सन यांच्याबरोबर अ‍ॅलिस केली या भूशास्त्रज्ञ बाईचंही नाव आहे. छापलेल्या नकाशावरचं नाव.

नकाशा काढताना एक पेच होता. सगळं कालवलेलं असताना एखाद्या तुकड्याला नाव काय द्यायचं? त्यांनी चार मूळ जाती धरल्या. कातळ, रेव, वाळू आणि चिखल. रेवेत बारीक खडीपासून गोट्यांपर्यंत सगळं आलं. एखादा तुकडा जवळजवळ पूर्ण एकाच जातीचा असेल तर तेवढंच नाव. मिसळ असेल तर जास्त असेल ते आधी आणि कमी असेल ते नंतर. म्हणजे कातळात थोडी रेव वेगळी आणि रेवेत थोडा कातळ वेगळा. अशा चार शुद्ध आणि बारा मिसळ, एकूण सोळा जाती झाल्या. आपण नाही का म्हणत, ज्वारीत तूर घेतली की तुरीत ज्वारी? ऐकायला सारखंच वाटतं, पण शेत वेगळं असतं. नुसतं ज्वारी असं लिहून मोकळं झालं, तर तुरीची नोंदच होत नाही.

नकाशा पुरा झाल्यावर कळलं की या किनाऱ्याजवळच्या तळाचा साधारण पाचातला दोन हिस्से भाग कातळाचा आहे आणि जवळजवळ तेवढाच चिखलाचा. उरलेल्यात रेव, आणि सगळ्यांत कमी वाळू. त्याच वर्षांत आणखी काही गोष्टी पुढे आल्या. सुमारे ६० मीटर खोलीवर जुन्या बुडालेल्या किनाऱ्याच्या खुणा सापडल्या. पेनॉबस्कॉट नावाच्या मोठ्या उपसागरात, बेलफास्ट गावासमोर, चिखलात शेकडो गोल खड्डे दिसले. काही तर ३० मीटरपर्यंत खोल, म्हणजे दहा मजली इमारत उभी मावेल एवढे. चिखलात गाडल्या गेलेल्या पालापाचोळ्याचा गॅस होतो आणि तो वाट काढून बाहेर पडताना असे खड्डे पडतात. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत होतो तोच हा मिथेन.

शिंपल्यांसाठी तळ खरवडणाऱ्या बोटींच्या जाळ्यांत कधीकधी घडवलेली दगडी हत्यारंही वर आली आहेत. समुद्र चढण्याआधी त्या जमिनीवर माणसं राहत होती. आजच्या वाबानाकी लोकांच्या पूर्वजांचा हा मुलूख. त्यांचे काठ, त्यांच्या चुली पाण्याखाली गेल्या. तळाचा नकाशा हातात आला, तसं त्या वस्त्या कुठे असू शकतील याचा शोध घेता येऊ लागला.

आता पोटाच्या प्रश्नाकडे येऊ.

मेनचा किनारा शेवंडीवर जगतो. आपल्या कोकणातही शेवंड मिळते, पण तिकडच्या शेवंडीला पुढे दोन मोठ्या जाड नांग्या असतात. गावंच्या गावं त्या एका प्राण्यावर उभी आहेत. शेवंडीची मादी नऊ ते बारा महिने आपली अंडी शेपटीखाली चिकटवून सांभाळते. पिंजऱ्यात अशी अंड्यांची मादी आली, तर मेनचे कोळी तिच्या शेपटीच्या पात्याला एक छोटी खाच पाडतात आणि तिला परत सोडतात. पुढे ती अंड्यांविना दुसऱ्या कोणाच्या पिंजऱ्यात आली, तरी ती खाच बघून त्यानेही तिला सोडायचं, असा तिथला कायदा आहे. ही आई आहे, एवढाच त्या खाचेचा अर्थ.

अंड्यांतून निघालेली पिल्लं काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग तळाला बसतात. १९९० च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी पाण्यात उतरून बघितलं, तर सगळ्यांत लहान पिल्लं मिळाली ती गोट्यांच्या तळावर. दोन गोट्यांमधली फट हे त्यांचं घर. उघड्या चिखलावर आणि वाळूवर त्यांना मासे खाऊन टाकतात. म्हणजे गोट्यांचा तो पट्टा ही शेवंडीची बाळंतिणीची खोली आहे. नकाशावर कातळ आणि चिखलाच्या मानाने या तळाचा वाटा लहान. त्यावर गाळ पडला, तर वरून समुद्र तसाच निळा दिसेल, पण काही वर्षांनी पिंजरे रिकामे येतील.

ही भीती पोकळ नव्हती. पेनॉबस्कॉट उपसागराच्या काठी सीअर्सपोर्ट नावाचं बंदर आहे. मोठी जहाजं यावीत म्हणून तिथला तळ खोदून खोल करायचा आणि निघालेला गाळ उपसागरातच, त्या खड्ड्यांच्या भागात टाकायचा, अशी योजना निघाली. खड्डे आहेतच, भरून टाका, असा विचार. पण तिथे शेवंड धरणाऱ्यांनी विरोध केला. वर नदीत एका कारखान्याने अनेक वर्षांपूर्वी सोडलेला पारा गाळात साचला होता. त्यापायी २०१४ मध्ये नदीच्या मुखाजवळचा एक पट्टा शेवंडीसाठी बंद करावा लागला होता. त्यात हा आणखी गाळ हलवला तर तो कुठे पसरेल, खाली जे आहे त्याचं काय होईल, असे प्रश्न त्यांनी विचारले. खड्डे म्हणजे रिकामी जागा नव्हे. चिखलातून गॅस सुटण्याची ती वाट आहे, हे तळाच्या अभ्यासातून माहीत झालेलं होतं. २०१५ मध्ये तो अर्ज मागे घेण्यात आला.

त्याच उपसागराच्या काठी रॉकलंड गावात व्हर्जिनिया ऑलिव्हर या बाईंनी आयुष्य काढलं. जन्म १९२० चा, म्हणजे मारी थार्पच्याच वर्षीचा. आठव्या वर्षापासून त्या शेवंडी धरायला बोटीवर जात होत्या, आणि शंभरी ओलांडल्यावरही मुलाबरोबर जात राहिल्या. बोटीचं नावही व्हर्जिनिया. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघींपैकी एकीला जहाजावर चढू दिलं नाही, म्हणून तिने कागदावर समुद्राचा तळ शोधला. दुसरीने तोच समुद्र हातांनी ओळखला. पिंजरा कुठे सोडायचा आणि कुठे नाही, हे नव्वद वर्षांच्या कामातून कळलेलं असतं. सोनारच्या चित्रात ते सगळं येत नाही.

मेनमध्ये अजून मोजणी चालूच आहे. आता एकाच वेळी शेकडो किरणांनी मोजणारी यंत्रं आली आहेत. समुद्रातून विजेच्या तारा न्यायच्या असतील, पवनचक्क्या उभ्या करायच्या असतील, तर पहिला प्रश्न हाच येतो, खाली काय आहे? तारेला कातळ नको असतो, गाळात पुरता आली तर बरं. कोळ्याला वाटतं, तार माझ्या गोट्यांच्या पट्ट्यातून जाऊ नये. बोलणं सुरू होतं ते नकाशा मधे पसरूनच. काही कोळी आपली ठिकाणं दाखवतात, काही दाखवत नाहीत, कारण दाखवलं तर दुसरा तिथे पिंजरे टाकेल. आणि न दाखवावं, तर इथे काहीच नव्हतं असं उद्या कोणीतरी म्हणेल. हा पेच तिथे अजून सुटलेला नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गावात शिवारफेरी निघते, पाणलोटाचा आराखडा होतो, ग्रामसभेत जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. विहिरी, रस्ते, शाळा, देऊळ हे सगळं त्यात येतं. पण उन्हाळ्यात शेवटपर्यंत पाणी टिकतं तो झरा, सरपण मिळतं ती पडीक जागा, रानभाज्या उगवतात तो ओढ्याचा काठ, शेळ्या चरतात तो माळ, हे आपल्याला पाठ असतं आणि नकाशावर नसतं. तिकडच्या नकाशावर गोट्यांचा पट्टा आला, कारण कोणीतरी तळाची मूठभर माती वर काढून बघितली, आणि कोणीतरी मच्छीमारांना विचारून लिहून घेतलं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करू या. एक मोठा कागद घ्या. आधी सरकारी नकाशात असलेलं सगळं काढा. मग वेगळ्या रंगाने, त्यात नसलेलं आणि तुम्हाला माहीत असलेलं काढा. वयाने मोठ्या बायकांना आधी बोलू द्या. काय दाखवायचं आणि काय आपल्यातच ठेवायचं, हेही मिळून ठरवा. आराखडा मंजुरीला येईल त्या ग्रामसभेला तो कागद सोबत घेऊन जा, आणि त्यावरची नोंद इतिवृत्तात लिहून घेतली की नाही, ते वाचून बघूनच सही करा.